पावसाळा लागला की मोटारीच्या पेटीला करंट येतो: दोष कुठे शोधायचा आणि काय बदलायचं

मृगात चांगला पाऊस झाला की ही तक्रार सुरू होते. स्टार्टरच्या पेटीला हात लावला की झणझण, कधी डिलिव्हरीच्या लोखंडी पाइपाला, कधी विहिरीच्या ओल्या कठड्याला. उन्हाळाभर तीच मोटार आणि तीच पेटी होती, तेव्हा काही नव्हतं. मग शेतोशेती एकच तोडगा निघतो: पेटीशेजारी लाकडी दांडकं ठेवायचं आणि त्याने हिरवं बटण दाबायचं. कोणी जाड चप्पल घालून जातं, कोणी पेटीच्या दाराला सायकलची ट्यूब गुंडाळतं. दिवाळीच्या सुमाराला जमीन सुकली की करंट ‘आपोआप गेला’ असं वाटतं आणि पुढच्या जूनला तो पुन्हा हजर होतो.

करंट कुठेही गेलेला नसतो. पाय आणि जमीन कोरडी असली की त्याला तुमच्या अंगातून वाट मिळत नाही, एवढंच. कोरड्या कातडीचा अडथळा हजारो ओहमचा असतो, तोच भिजल्यावर हजाराच्या आसपास येतो. अनवाणी, चिखलात उभं राहून 230 व्होल्टला हात लागला तर 200 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह छातीतून जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. ‘झणझण’ आणि ‘गेला’ यांच्यात फक्त ओलीचा फरक असतो, म्हणून बारीक झटक्याला बारीक समजू नये.

पेटी मारते तेव्हा दोष दोन असतात, असं माझं ठाम मत आहे. पहिला हा की कुठेतरी फेजची तार लोखंडाला लागली आहे किंवा ओलीतून पाझरते आहे. दुसरा हा की ती लागूनसुद्धा लाइन तुटली नाही, म्हणजे अर्थिंग आणि संरक्षण दोन्ही निकामी आहेत. बहुतेक दुरुस्त्या पहिल्यावरच थांबतात. टेप मारली, झटका थांबला, वायरमन गेला. दुसरा दोष तसाच राहतो, आणि पुढच्या वर्षी केबल वेगळ्या जागी सोलवटली की पेटी पुन्हा मारते.

हात घालण्याआधी

झटका जाणवला त्या क्षणापासून ती मोटार बंद. ‘आजचं पाणी तेवढं होऊ दे’ हे इथे चालत नाही. उसाचा खोडवा दोन दिवस तहानलेला राहू शकतो. बंद म्हणजे लाल बटण दाबणं नव्हे. लाल बटणाने फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीकडची लाइन जोडणारा-तोडणारा पेटीतला चुंबकी स्विच, सुटतो, पेटीत येणाऱ्या तिन्ही तारा तशाच जिवंत असतात. मेन स्विच खाली पाडायचा, तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारे चिनी मातीचे तुकडे, काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. पेटीवर ठेवले तर तुम्ही विहिरीवर वाकलेले असताना मागून येणारा भाऊ किंवा गडी ‘किटकॅट कोणी काढले’ म्हणून ते परत बसवतो. मेन स्विचच्याच खोक्याला झटका बसत असेल तर त्यालाही हात लावू नये. लाइन मागून, डीपीवरून म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून बंद करून घ्यावी लागते आणि ते काम लाइनमनचं आहे.

ऑटो स्विचबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीसाठी निघालेल्या लाइनला, दिवसा किंवा रात्री ठरलेले तास थ्री फेज मिळते, म्हणून लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हावी यासाठी अनेकांनी ऑटो बसवले आहेत. रात्री दीडला उठून शेतात जायचा त्रास वाचतो, हे खरं आहे. पण लाइट नाही म्हणून निर्धास्तपणे पेटी उघडणाऱ्याच्या हातात तोच ऑटो लाइन सोडतो. भारनियमन म्हणजे लाइन बंद केली असं कधीही धरू नये. वेळापत्रकाआधी लाइट येते, चाचणीसाठी येते, दुसऱ्या फीडरवरून फिरवून येते. दुरुस्तीपुरता तरी ऑटो काढून ठेवावा.

आणि टेस्टर. जाड सोलची चप्पल घालून टेस्टर लावला तर तो पेटेलच असं नाही, कारण त्याच्यातला सूक्ष्म प्रवाह तुमच्याच अंगातून जमिनीत जायला हवा असतो. भर उन्हात तो पेटला तरी दिसत नाही. ‘टेस्टर लागला नाही’ हा पेटी निर्धोक असल्याचा पुरावा नाही. वायरमनला मल्टिमीटर आणायला सांगावा; पेटीची बॉडी आणि पेटीपासून काही अंतरावर ओल्या जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई यांच्यातले व्होल्ट त्याने मोजले की काय चाललंय ते आकड्यात कळतं. गुरं मात्र मीटरच्या आधी सांगतात. बैल पाण्याच्या टाकीजवळ बुजत असेल, म्हैस पाइपाशेजारच्या डोणीला तोंड लावत नसेल तर आधी करंट बघा. चार पाय लांब लांब, ओल्या जमिनीवर आणि तेही अनवाणी, त्यामुळे माणसाला न जाणवणारा व्होल्ट त्यांना जाणवतो.

झटका नेमका कधी बसतो, हे आधी आठवा

वायरमनला फोन करण्यापूर्वी एवढी माहिती जमवली तर अर्धा शोध संपतो. नव्याने हात लावून बघायचं नाही, झालेलं आठवायचं.

लाइट असताना आणि मोटार बंद असतानाही पेटी मारत होती का? तर गळती कॉन्टॅक्टरच्या अलीकडे आहे: खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटरची पेटी, किटकॅटचं बोर्ड, पेटीत शिरणारी केबल, नाहीतर पेटीतूनच काढलेला एखादा बल्ब. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पेटीचं भोक. पत्रा पाडून केलेल्या भोकात केबल घट्ट धरणारी ग्लँड नसते, केबल धारेवर टेकलेली असते, आणि मोटार दर वेळी धडधडत चालू होते तेव्हा पेटी हलते. वर्षा-दोन वर्षांत पत्र्याची धार इन्सुलेशन कापून तांब्यापर्यंत पोचते. उन्हाळ्यात त्या फटीत हवा असते, जूनमध्ये पाणी. वरून टेप मारली तर धार टेपही कापते. केबलचा तेवढा तुकडा बदलून, भोक पेटीच्या तळाला घेऊन ग्लँड बसवली तर तो प्रश्न तिथे कायमचा मिटतो. केबल वरून आत घेतली असेल तर पावसाचं पाणी केबलवरूनच ओघळत कॉन्टॅक्टरवर उतरतं, म्हणूनही तळाचं भोक बरं.

मोटार चालू केल्यावरच मारत होती? मग गळती कॉन्टॅक्टरच्या पलीकडे आहे: मोटारीकडे जाणारी केबल, तिचा जॉइंट, कपॅसिटर किंवा खुद्द वायंडिंग. इथे लोक फार फसतात. पेटी उघडतात, आत सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं, ‘पेटीत काही नाही’ म्हणून बंद करतात. दोष विहिरीच्या तळाशी किंवा बोअरमध्ये असतो आणि झटका पेटीला बसतो, कारण मोटारीची बॉडी, पाइप आणि पेटी अर्थच्या तारेने एकमेकांना जोडलेले असतात. मोटारीचा करंट त्या तारेने पेटीपर्यंत येतो आणि पुढे जमिनीत जायची वाट खराब असल्यामुळे तिथेच तुमची वाट बघत राहतो.

सबमर्सिबलची चपटी केबल आणि पेटीकडून आलेली केबल यांचा जॉइंट बहुधा विहिरीच्या काठावर, गवतात टाकलेला असतो. साध्या काळ्या टेपचा गोंद दोन पावसाळे टिकत नाही. हा जॉइंट जमिनीपासून वर, डब्यात असावा; पाण्यात जाणारा असेल तर त्यासाठी मिळणारं वॉटरप्रूफ जॉइंटिंग किट किंवा रबर टेपवर पीव्हीसी टेप असे थर द्यावे लागतात. तिन्ही कोअरचे जोड एकाच जागी न देता मागे-पुढे द्यावेत, म्हणजे एकाची टेप सुटली तरी तो शेजारच्याला लागत नाही.

जॉइंट ठीक असेल तर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टार्टरपासून मोटारीच्या तारा सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक तार आणि बॉडी यांच्यातला अडथळा मोजतात. एक मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर वायंडिंग किंवा केबल ओली आहे आणि मोटार वर काढायलाच हवी. ‘चालतेय ना’ हा युक्तिवाद इथे घातक आहे, कारण बॉडीला लागलेली थ्री फेज मोटार पाणी नीट देत राहू शकते. पाणी येणं आणि मोटार निर्दोष असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. अशी मोटार चालू असताना विहिरीत पोहायला किंवा फूटव्हॉल्व्ह साफ करायला उतरणं म्हणजे जीव टांगणं; किटकॅट खिशात घेतल्याशिवाय कोणीही पाण्यात पाय घालू नये.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्यांसाठी एक जादा गोष्ट. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या पेट्या पाण्याखाली गेल्या त्यांना हे ठाऊक आहे की पूर ओसरल्यावर गाळ पेटीच्या प्रत्येक फटीत बसतो. उन्हात वाळवून पेटी चालू होते, पण तो गाळ हवेतली ओल पुन्हा धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात फेज आणि पत्रा यांच्यात पूल बांधतो. पुरात बुडालेले कॉन्टॅक्टर, रिले आणि किटकॅटचं बोर्ड धुऊन वापरू नयेत, बदलावेत. मोटार मात्र सोडवून, वाळवून, मेगरचं वाचन बघून परत बसवता येते. पाणी चढू लागलं की मोटारी वर काढायची धावपळ होते, त्यातही आधी लाइन बंद करून घ्यावी आणि मगच चिखलात उतरावं.

अर्थिंगवर पेटवलेला बल्ब

याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण झटक्याचं हे कारण आपण स्वतः तयार करतो आणि दुरुस्त करणाराही ते बघत नाही.

मोटारीला तीन फेज लागतात, न्यूट्रल लागत नाही. त्यामुळे बऱ्याच पेट्यांत न्यूट्रल आलेलीच नसते. खोपीत एक बल्ब हवा असतो, मोबाइल चार्ज करायचा असतो. मग एक तार फेजवरून आणि दुसरी अर्थच्या तारेवरून किंवा सरळ बोअरच्या केसिंगवरून घेतात. बल्ब पेटतो. आता तो प्रवाह अर्थच्या तारेतून चोवीस तास जमिनीत जातो आहे. जोवर अर्थिंग ओलं आणि अखंड आहे तोवर काही जाणवत नाही. मे महिन्यात काळी जमीन भेगाळली, सळईभोवतालची माती सुटली, किंवा गंजून तारेचा नटबोल्टशी असलेला सांधा तुटला, की त्या प्रवाहाला जमीन मिळत नाही. बल्ब मंद होतो किंवा विझतो. आणि बल्बमधून आलेली फेज पेटीच्या, पाइपाच्या, मोटारीच्या बॉडीवर येऊन उभी राहते. कोणी ओल्या पायाने पेटीला हात लावला की तो माणूसच अर्थिंग होतो. विझलेला बल्ब बघून ‘लाइट गेली’ असं वाटलेलं असतं, म्हणून हात बिनधास्त लागतो.

हा बल्ब काढून टाका. खोपीत उजेड हवा असेल तर रीतसर न्यूट्रल घ्या, नाहीतर छोटा सोलर दिवा लावा. आणि अर्थिंगची परीक्षाही बल्बने करू नका. फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून तो लख्ख पेटला की ‘अर्थिंग एक नंबर’ म्हणायची पद्धत सगळीकडे आहे. तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. त्याचा स्वतःचा अडथळा पाचशे ओहमच्या वर असतो, त्यामुळे अर्थिंग पन्नास ओहमचं, म्हणजे रद्दी असलं तरी बल्बला 200 व्होल्टच्या वर मिळतात आणि तो छान पेटतो. खरं वाचन अर्थ टेस्टरचं, आणि पाच ओहमच्या आत आलं तर समाधान मानावं.

फ्यूज का उडत नाही

‘बॉडीला फेज लागली तर फ्यूज उडायला हवा होता’, हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा तुमचं अर्थिंग 15 ओहमचं आणि डीपीचं 5 ओहमचं. बॉडीला लागलेला प्रवाह जमिनीतून डीपीकडे परत जाताना एकूण 20 ओहम ओलांडतो. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. किटकॅटमध्ये 20 अँपिअरची तार असेल तर ती गरमसुद्धा होणार नाही. ॲल्युमिनियमचा पीळ घातला असेल, आणि तो घातलेला असतोच, तर विचारायलाच नको. फ्यूज शाबूत, मोटार चालू, आणि पेटीवर 230 पैकी पाऊणपट, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास व्होल्ट. अर्थिंग केलेलं असूनसुद्धा.

म्हणून शेतातल्या मोटारीला नुसतं अर्थिंग पुरत नाही. गळती ओळखून लाइन तोडणारं यंत्र हवं: आरसीसीबी, जुन्या वायरमनच्या तोंडी ईएलसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला की ते सेकंदाच्या लहानशा अंशात लाइन पाडतं. माणसाच्या जिवासाठी 30 मिलिअँपिअरचं घ्यावं. थ्री फेजसाठी चार पोलचं मिळतं. मात्र न्यूट्रल नसलेल्या जोडणीत त्याचं टेस्ट बटण चालेल अशी जोडणी कंपनीच्या आकृतीप्रमाणे करून घ्यावी, नाहीतर बटण दाबून काही होत नाही आणि यंत्र बिघडलं असा समज होतो. बटण दर महिन्याला दाबून बघायचं.

‘आरसीसीबी सारखं पडतं’ म्हणून ते काढून टाकणारे किंवा थेट तारेने ओलांडणारे खूप आहेत. ते पडतं कारण गळती आहे. आधी तो अर्थिंगवरचा बल्ब काढा, मग जॉइंट, मग मेगर. सगळं निर्दोष असूनही फार लांब केबलमुळे 30 चं टिकत नसेल तर चांगल्या अर्थिंगसोबत 100 मिलिअँपिअरचं बसवता येतं. उघड्या फेजला थेट हात लागला तर ते तेवढं वाचवत नाही, पण बॉडीला करंट उभा राहू देत नाही, आणि काहीच नसण्यापेक्षा ते लाख पटीने बरं.

अर्थिंगचं काम एकदा नीट करून घ्यावं. 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. काळ्या जमिनीत हे सहज साधतं. मुरूम-कातळात दोन खड्डे एकमेकांपासून पाच मीटर अंतरावर घेऊन जोडावे लागतात. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ तारा असाव्यात असा नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे: एक गंजली तर दुसरी असते. खांबाच्या ताणाच्या तारेला, कुंपणाला किंवा शेजाऱ्याच्या केसिंगला जोडलेलं अर्थिंग हे अर्थिंग नव्हे.

किटकॅट काढूनही करंट आहे

असं झालं तर दोष किटकॅटच्या अलीकडे, सर्व्हिस वायर किंवा मीटरच्या पेटीत असतो, नाहीतर तो बाहेरून येतो आहे. मेन स्विच फेज तोडतो, अर्थची तार किंवा पाइप तोडत नाही. शेजाऱ्याची मोटार आणि तुमची मोटार एकाच लोखंडी पाइपलाइनवर किंवा एकाच अर्थवर असेल तर त्याची गळती तुमच्या पेटीवर दिसते. सामाईक विहिरीवर हे नेहमीचं आहे. त्याची मोटार बंद असताना वाचन घ्या, चालू असताना घ्या, उलगडा होतो. डीपीच्या अर्थिंगची तार तुटलेली असते, तिथेही गळती सगळ्यांच्या पेट्यांपर्यंत येते.

रानडुकरांसाठी बांधाच्या तारेत थेट लाइन सोडण्याचा प्रकारही यात मोडतो. त्याने डुक्कर मरतं आणि बांधावरून चालणारा माणूसही. हा गुन्हा आहे, आणि पीक वाचवायला दुसरा मार्ग आहे: झटका मशीन. ते बॅटरी किंवा सोलरवर चालतं आणि साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका देतं, त्यामुळे जनावराला तारेवरून सुटायला वेळ मिळतो. शेजारी थेट लाइन सोडत असेल तर त्याला समजावून सांगा, ऐकत नसेल तर कळवा. भावकी दुखावेल म्हणून गप्प बसण्याची ही गोष्ट नाही.

आणि एक गोष्ट लाइनवर चढणाऱ्या प्रत्येकासाठी, खरं तर कोणी चढूच नये म्हणून. डीपीवरचा एका फेजचा फ्यूज उडाला की खालचे लोक कंडेन्सर लावून मोटारी दोन फेजवर चालवतात. चालणाऱ्या मोटारीच्या वायंडिंगमधून त्या तिसऱ्या, ‘मेलेल्या’ तारेवर उलटा व्होल्ट येतो. ‘एक फेज गेलाय, त्यालाच हात लावतोय’ म्हणून जो डीपीच्या पेटीत हात घालतो, त्याला ती तार पकडते. डीपीतला फ्यूज बांबूने टाकणं, डीओ म्हणजे खांबावरचा उच्चदाबाचा फ्यूज पाडणं ही गावातल्या धीट पोराची कामं नाहीत. लाइनमनला यायला उशीर होतो ही तक्रार खरी आहे, तरीही नाही.

पेटीबाहेर: वरून जाणारी तार

पेटी दुरुस्त झाली तरी शेतात आणखी एक धोका डोक्यावर लोंबत असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे 11 केव्ही, म्हणजे 11 हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार, रस्ता नसलेल्या ठिकाणी, जमिनीपासून किमान 4.6 मीटर म्हणजे पंधरा फुटांवर असायला हवी. रस्ता ओलांडताना लघुदाबाची 5.8 आणि उच्चदाबाची 6.1 मीटर. आता उसाची भरलेली ट्रॉली बघा. बारा फुटांचा माल, त्यावर दोरी आवळायला उभा राहिलेला माणूस. पंधरा फूट तिथेच संपतात, आणि खांब कलल्यामुळे तार आधीच खाली आलेली असते. ट्रॉली भरायची जागा तारेखाली ठेवूच नये, आणि फडातून गाडी बाहेर निघण्याआधी वर कोणी नाही याची खात्री करावी.

बोअरमधली मोटार काढताना वीस फुटी पाइप उभा वर येतो, म्हणून नवीन बोअर घेतानाच वरची लाइन बघून जागा ठरवावी. 11 केव्हीच्या तारेला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, फार जवळ गेलं तरी ती ठिणगी मारते. आंबे काढायची आकडी, पत्र्याची शिडी, ओला बांबू, सगळ्यालाच हे लागू आहे. जनावर खांबाच्या ताणाला बांधू नये, कपडे वाळत घालायची तार खांबाला बांधू नये.

लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून ठिणग्या पाडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेला पाला पेट घेतो. तारा एकमेकींपासून दूर ठेवणारे स्पेसर बसवणं, मधे एक खांब घालणं ही वीज कंपनीची कामं आहेत, पण ती मागावी लागतात. तोंडी सांगू नका. खांबाचा नंबर, डीपीचं नाव, फीडर, स्वतःचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि फोटो, एवढं घेऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महावितरणचे टोल फ्री क्रमांक 1912 आणि 1800-212-3435 आहेत. तिथला तक्रार क्रमांक अर्जावर लिहून ठेवा. पुढे पीक जळालं किंवा कोणाला इजा झाली तर हा कागद उपयोगी पडतो.

तार तुटून पडली असेल तर ती जिवंतच आहे असं धरायचं. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून एवढा थोडा प्रवाह जाऊ शकतो की उपकेंद्रातलं संरक्षण तिला ओळखत नाही. आवाज नाही, ठिणगी नाही, तरी ती जिवंत. किमान दहा मीटर लांब राहा. जवळ असताना लक्षात आलं तर धावू नका. पाय न उचलता, एकाला एक चिकटवून, घासत मागे सरका, कारण लांब टांग टाकली की दोन पायांमधल्या जमिनीचा व्होल्टच अंगातून जातो. रात्रीचं पाणी पाजायला जाताना चांगली बॅटरी न्या आणि वादळानंतरच्या पहिल्या फेरीत बांधावरून उजेड टाकून आधी खांबाखांबातल्या तारा मोजा. ट्रॅक्टरवर तार पडली तर ट्रॅक्टरवरच बसून राहा, लाइन बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत. पेटच घेतला तर दोन्ही पाय जोडून लांब उडी मारा, ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये.

कोणी चिकटलं तर

धावत जाऊन हात धरायचा नाही. एकाला सोडवायला गेलेला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, असं एकाच घरात घडतं. मेन पाडा. मेन दूर असेल आणि लाइन मोटारीची, म्हणजे लघुदाबाचीच असेल, तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला ढकलून सोडवता येतं. 11 केव्हीला लाकूड चालत नाही, तिथे लाइन बंद झाल्याशिवाय जवळ जाताच येत नाही.

सुटल्यावर हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील तर लगेच 108 ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी, दोन्ही हात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. तोंडाने श्वास देता येत असेल तर 30 दाबांनंतर दोन. मदत पोचेपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर हात बदला. मातीत गाडणं, तळवे चोळत बसणं यात हातातली मिनिटं जातात.

उठून बसला, चहा प्यायला, ‘मला काही नाही’ म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते, आणि हातावर बारीक डाग दिसत असला तरी आतला स्नायू खोलवर भाजलेला असू शकतो. डॉक्टरांना किती व्होल्टची लाइन होती, किती वेळ चिकटला होता आणि करंट कुठून कुठे गेला ते सांगा.

अपघाताची जागा तशीच ठेवा. पेटी उघडून तारा सोडवू नका, जळका किटकॅट फेकू नका, पुन्हा लाइन घेऊ नका. विद्युत कायदा 2003 च्या कलम 161 खाली अशा अपघाताची खबर द्यावी लागते आणि विद्युत निरीक्षक येऊन पाहणी करतात. त्यांनी पेटी जशी होती तशी पाहिली तरच गळती कुठली होती आणि संरक्षण का चाललं नाही, हे कागदावर येतं.